डावी बाजू

“मेन स्विच, बंद!”

उजवा हात खांद्यापासून सरळ ताणून आणि बोट भिंतीवरच्या पॅनेलवर रोखून मिस्त्री ओरडला. आवाज त्यानं मुद्दाम शाळकरी पोरीसारखा चिरका काढला होता, कारण हा सगळा खेळ जोडीदाराला हसवण्यासाठी चालला होता. जोडीदाराला सगळे दाढी म्हणत. सात मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीनरूम होती आणि तिथं पालथ्या बादलीवर बसून दाढी हातमोजे चढवत होता. तो खो खो हसला.

मग हसता हसता थांबला, कारण मिस्त्रीचा हात खालीच येईना.

पॅनेलवर दोन हँडल होती, कारण इमारतीला लिफ्टही दोन होत्या. हँडल वर असलं की वीज चालू, खाली ओढलं की बंद. आज काम एक नंबरच्या लिफ्टचं होतं. मिस्त्रीच्या बोटासमोर एक नंबरचं हँडल होतं आणि ते वर होतं. खाली होतं ते शेजारचं, दोन नंबरचं. पाच मिनिटांपूर्वी गप्पा मारता मारता त्यानं स्वतःच्या हातानं ओढलेलं.

“अरे,” मिस्त्री म्हणाला. 

तेवढ्यात खाली कुठल्याशा मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. तळमजल्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवली होती, पण सातही मजल्यांवर पाट्या कोण लावत बसतं? खट्‌कन ब्रेक सुटला, मोटार घुमली आणि मिस्त्रीपासून हातभर अंतरावरची मोठी पुली पाच पोलादी दोर ओढत फिरायला लागली. दोरातली एखादी तार तुटली आहे का हे बघायला त्यांच्यावरून फडकं फिरवावं लागतं, आणि तेही दोर पुलीवर चढतो अगदी तिथं. फडकं मिस्त्रीच्या डाव्या हातात तयार होतं. बोट दाखवण्याचा वाह्यातपणा केला नसता तर तो हात त्या क्षणी तिथं असता.

पुली थांबली. खाली कोणीतरी लिफ्टमधून उतरून आपल्या वाटेनं गेलं असेल.

दाढीनं पुढे होऊन एक नंबरचं हँडल खाली ओढलं. मग मिस्त्रीला दंडाला धरून बादलीवर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली. मिस्त्रीनं ती तोंडाला लावली, पण अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

“पण तू बंद केलं होतंस,” दाढी म्हणाला. “मी बघितलं ना.”

“काय बघितलंस?”

“हँडल ओढताना बघितलं तुला.”

“कुठलं हँडल?”

दाढीनं दाढी खाजवली. 

“दोघांनीही बघितलं,” मिस्त्री म्हणाला, “आणि एकालाही दिसलं नाही. एकोणतीस वर्षं हे काम करतोय मी, दाढी. असं आधी किती वेळा झालं असेल?”

“बोलू नकोस. पाणी पी.”

माझ्या हातांना डोळे आहेत, अशी मिस्त्रीची कायमची फुशारकी होती. नवीन कामगार आला की पहिल्या दिवशी त्याला हे वाक्य ऐकावं लागे. आज ते हात मांडीवर ठेवून तो त्यांच्याकडे परक्याच्या हातांकडे बघावं तसा बघत बसला होता. दहाच्या दहा बोटं होती. त्यानं ती मोजून घेतली.

*

ज्या वाह्यातपणानं बोटं वाचली, तो त्यानं आदल्या संध्याकाळी लेकीकडून उचलला होता.

लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी घरी आली की लॅपटॉप मांडीवर घेऊन जपानी चित्रमालिका बघत बसे. मिस्त्रीला ही एक चांगलीच खुंटी सापडली होती. येता-जाता तो तिच्यावर काही ना काही टांगायचा.

“एवढी शिकलीस, आणि बघतेस काय, तर कार्टून.”

“कार्टून नाही बाबा, अ‍ॅनिमे.”

“बरं, अ‍ॅनिमे. गोष्ट काय आहे?”

“गोष्ट अशी काही नाही. डोंगरातलं एक छोटं स्टेशन आहे. तिथं ही मुलगी नोकरीला लागलीय. ती रोज कामावर जाते.”

“रोज कामावर तर मीही जातो. मग माझ्याकडेच बघ की. वीजही वाचेल.”

तरी तो खुर्ची ओढून बसला. पडद्यावर डोक्यापेक्षा मोठी टोपी घातलेली एक पोरगी फलाटावर उभी होती. गाडी सुटायच्या आधी तिनं हात ताणला, बोट रोखलं आणि मोठ्यानं म्हणाली, सिग्नल हिरवा. मग दुसरीकडे बोट, दारं बंद. मग फलाटाच्या कडेकडे, कडा मोकळी. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. ती हे सगळं कुणाला सांगत होती, देव जाणे.

“बोट दाखवल्यावर सिग्नल काय लाजून हिरवा होतो?” मिस्त्रीनं विचारलं.

“तिकडे रेल्वेत खरंच असं करतात, बाबा. डोळे सवयीनं नुसते फिरतात. बोट दाखवलं की थांबतात. आणि तोंडानं बोलायचं असलं की आधी बघावं लागतं.”

“मला नको शिकवू. माझ्या हातांना...”

“...डोळे आहेत,” लेकीनं वाक्य पूर्ण केलं.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात धप्प आवाज झाला. चहाचा ट्रे घेऊन येणारी बायको चौकटीला धडकली होती. स्टीलचे तीन पेले ट्रेमध्ये आडवे झाले आणि चहा जमिनीवर पसरला. मिस्त्रीला आयती संधी मिळाली. तो ताडकन उठला, हात ताणला, बायकोवर बोट रोखलं आणि त्या पोरीच्या आवाजात ओरडला, “वादळ, आलं!”

लेक हसली. बायकोही कोपर चोळत हसली आणि फडकं आणायला वळली.

वादळ हे नाव मिस्त्रीनंच ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी. बायकोनं तेव्हा सहा चिनी कपांपैकी दोन एकाच आठवड्यात फोडले होते. त्यानं उरलेले चार कप वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वर ठेवले, “वादळाचा इशारा, किनाऱ्यावरच्या लोकांनी सुरक्षित स्थळी जावे,” अशी बातमी वाचून दाखवली आणि घरात स्टीलचे पेले आले. नाव असं चिकटलं की ते राहत त्या इमारतीतल्या बायका तिला वादळवहिनी म्हणायला लागल्या. तिच्यावरचे किस्से मिस्त्री रंगवून सांगे. त्यातला सगळ्यात चालणारा किस्सा पुतळ्याचा. बायको कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बाह्या आखूड करणं, कंबर कमी करणं असली कामं करायची. एकदा वळताना ती कपडे घातलेल्या पुतळ्याला धडकली आणि त्यालाच म्हणाली, “माफ करा हं.” मिस्त्री ती धडक, ती माफी आणि पुतळ्याचा मख्ख चेहरा असं तिन्ही करून दाखवी. लोक पोट धरून हसत. पुढे ती दुकानाच्या काचेच्या दारावर आपटली आणि मालकानं तुम्ही घरूनच काम करत जा, असं सांगितलं. ते मात्र मिस्त्री किश्शात घेत नसे. तिथं हसण्यासारखं काही नव्हतं.

डोळ्यांचा संशय कुणाला यायचं कारण नव्हतं. सुईत दोरा ती अजूनही एका झटक्यात ओवायची. चाळिशी लागलेल्या चारचौघी आपापल्या सुया घेऊन तिच्याकडेच यायच्या.

*

मशीनरूममधली गोष्ट त्यानं बायकोला सांगितली नाही. लेकीला सांगितली. सांगताना पुन्हा हसवायचा बेत होता, पण हँडल वर होतं, इथपर्यंत आल्यावर तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघायला लागला. लेकीचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मग म्हणाली, “बाबा, एक भाग बघा माझ्याबरोबर. वीसच मिनिटं.”

या खेपेला त्यानं टिंगल केली नाही. त्या भागात टोपीवाली पोरगी नेहमीसारखी बोट दाखवून कडा मोकळी म्हणते, आणि कडेवर कुणाची तरी छत्री पडलेली असते. काही होत नाही. छत्रीची फक्त एक काडी मोडते. पण म्हातारा स्टेशनमास्तर तिला बाजूला घेतो आणि शांतपणे सांगतो, तू जे असायला हवं ते बोललीस. जे आहे ते बोल. आणि जे आहे ते दिसेपर्यंत बोलू नकोस.

भाग संपला. पोरगी मोडकी छत्री बांधून ठेवून घरी गेली. मिस्त्री पडद्याकडे बघतच राहिला. असल्या एका वाक्यासाठी त्याला पन्नाशी ओलांडावी लागली होती, आणि ते सांगितलं कुणी, तर चित्रातल्या म्हाताऱ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खरोखर सुरू केलं. हँडलला बोट, नंबरला बोट, मग आवाज. दाढीही आधी लाजत आणि मग ठणठणीत आवाजात बोट दाखवायला लागला. घरीही ते आलं. “गॅस, बंद!” “कडी, लावली!” बायको म्हणे, “तुम्हाला कसलं खूळ लागलंय?” लेक म्हणे, “लागू दे आई, चांगलं खूळ आहे.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बायको खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या, मांडीवर परात होती आणि परातीत ऊन पडलं होतं. मिस्त्रीची दाढी करून झाली होती, स्वारी खुशीत होती. तो समोर उभा राहिला, हात ताणला आणि म्हणाला, “बायको, ठीक!”

“‘ठीक’ बाद,” लेक आतून ओरडली. “काय दिसतं ते बोलायचं.”

“बरं. केस, ओले. चप्पल, एकच. तोंड, चालू.”

“मार खाल हं,” बायको म्हणाली.

“उजवा हात, मटारची शेंग. डावा हात...” बोट खाली आलं. कोपराखाली एक जांभळा डाग होता. “डाग, एक. त्याच्यावर आणखी एक, पिवळा, म्हणजे जुना. दंडावर तिसरा.”

लेक बाहेर येऊन हसत मोजायला लागली. “पुढे?”

“पाय. डावी करंगळी, पट्टी. डाव्या नडगीवर खरचटलंय. डाव्या भुवईवर खोक, ती औषधाचं कपाट लागल्याची.”

त्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला. मग त्यानं बोट उजवीकडे नेलं. उजवा हात, उजवा पाय, कपाळाची उजवी बाजू. तिथं काही नव्हतं. एकही डाग नाही.

एकोणतीस वर्षांत मिस्त्रीनं शेकडो लिफ्ट बघितल्या होत्या. एखादी लिफ्ट जाता-येता एकाच बाजूला घासायला लागली तर तिचा स्वभावच तसा आहे असं कोणताही मिस्त्री म्हणत नाही. तो दिवा घेऊन त्या बाजूचा रूळ तपासतो. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. ते आत्ता आठवलं आणि त्याचं बोट हवेतच थांबलं.

“काय झालं?” बायकोनं विचारलं. “बोला की पुढचं. की दमलात?”

त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. “माझ्या नाकाकडे बघ. इकडे-तिकडे बघायचं नाही. मी बोट आणतो. दिसलं की सांग.”

“आता हे काय नवीन?”

“सांग म्हणतो ना.”

त्यानं तिच्या उजव्या कानामागून बोट पुढे आणलं. ते कानाच्या जरा पुढे येताच ती म्हणाली, “दिसलं.” मग दुसऱ्या हाताचं बोट डाव्या कानामागून निघालं. कानाच्या पुढे आलं, गालफडाशी आलं, गालासमोर आलं.  ते तिच्या डाव्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

“आणा ना बोट,” ती हसत म्हणाली. “किती वेळ लावताय?”

लेकीनं तोंडावर हात ठेवला.

मिस्त्रीनं दुसऱ्या हाताचा तळवा उचलला आणि हलकेच बायकोच्या उजव्या डोळ्यावर धरला.

 ती म्हणाली, “अहो, खिडकी कुणी लावली?”

खिडकी सताड उघडी होती. ऊन तिच्या मांडीवर तसंच पडलं होतं, हिरवेगार मटार त्यात चमकत होते. मिस्त्रीनं तळवा काढला. ती खिडकीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, मग स्वतःच्याच हातानं तिनं उजवा डोळा झाकला. पुन्हा उघडला. पुन्हा झाकला.  असं तिनं पाच-सहा वेळा तरी केलं.

*

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा आणि समोर प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाहेर बाकावर मिस्त्री आणि लेक बसले होते. बटणाचा आवाज बाहेर येत होता.

उजव्या डोळ्याच्या वेळी टिक, टिक, मग थोडा वेळ काही नाही, मग टिक. डावा डोळा सुरू झाला. मिस्त्री आवाजाची वाट बघत राहिला. यंत्र आतल्या आत घरघरत होतं, म्हणजे ठिपके येत होते. बटण वाजत नव्हतं. त्यानं मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. साठ झाले, शंभर झाले. एकशेतीसला एकदा टिक झालं आणि पुन्हा सगळं सामसूम. लिफ्टचा दोर तुटल्याचा आवाज त्यानं आयुष्यात एकदा ऐकला होता. त्यापेक्षा हे वाईट होतं, असं त्याला वाटलं.

डॉक्टर तरुण होत्या, पण फाफटपसारा न लावता बोलणाऱ्या. समोर कागद ठेवून त्यांनी सांगितलं, “काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची शीर हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. कडेचं आधी जातं, समोरचं शेवटी. म्हणून माणसाला कळतच नाही.”

“पण ही सुईत दोरा ओवते हो,” मिस्त्री म्हणाला.

“ओवणारच. सुई समोर असते. आणि उजवा डोळा समोरचं अजून छान बघतोय, नाकाकडची कड मात्र त्याचीही गेलीय. हा त्रास, म्हणजे धडकणं वगैरे, कधीपासून आहे?”

“दोन वर्षं,” मिस्त्री म्हणाला. “दोन वर्षं आणि तीन महिने.”

“एवढं नक्की कसं सांगता?”

 बायकोनंच सांगितलं, अगदी सहज. “तेव्हा यांनी मला नाव ठेवलं. वादळ म्हणतात मला सगळे.”

डॉक्टरांनी मान वर करून मिस्त्रीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“डावा डोळा गेल्यातच जमा आहे,” त्या म्हणाल्या. “जे गेलं ते परत येत नाही. उजव्याचं जे उरलंय ते राखायचं. रोज थेंब घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही. दाब उतरला नाही तर ऑपरेशन करू.”

“आणि तेव्हाच आलो असतो तर?”

“तेव्हा आला असतात तर डावाही बराचसा राहिला असता.”

त्यांनी हे सरळ सांगितलं, आणि मिस्त्रीनंही सरळच विचारलं होतं. खाली मान घालून त्यानं कागद हातात घेतला. कागदावर दोन वर्तुळं छापली होती. एक कडेनं काळवंडलेलं, दुसरं जवळजवळ सगळं काळं.

औषधाच्या खिडकीसमोर रांग होती. लेक रांगेत उभी राहिली आणि ते दोघं बाकावर बसले. मिस्त्री बायकोच्या डाव्या हाताला बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण तिला दिसतच नाही. तो उठून उजवीकडे आला.

बायको रडत नव्हती. कपाळाला आठी घालून ती कसला तरी हिशेब जुळवत होती. मग तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“म्हणजे मी धांदरट नव्हते?”

मिस्त्रीला वाटलं होतं ती डोळ्याबद्दल विचारेल, थेंबांबद्दल विचारेल, पुढे सगळंच जाईल का म्हणून विचारेल. ह्या प्रश्नाला तो तयार नव्हता.

“नव्हतीस,” तो म्हणाला.

“पुन्हा सांगा.”

“तू धांदरट नव्हतीस.”

“मला वाटलं, मी आहेच तशी. वयानं झाले असेन. तुम्ही सगळेच म्हणत होतात, मग खरंच असणार.” ती समोरच्या भिंतीकडे बघून बोलायला लागली. “तुम्ही कामावर गेलात, ही कॉलेजला गेली की मी दुपारी सराव करायचे. दारातून सरळ जायचा. हातात रिकामा ट्रे घेऊन. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत. वीस-वीस वेळा. मनाशी म्हणायचे, सरळ चाल, बावळटासारखी करू नकोस. तरी लागायचंच. मग मी स्वतःलाच शिव्या घालायचे.”

 मिस्त्री म्हणाला, “चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली.

तिनं त्याची समजूत घातली नाही, आणि त्यानं नकळत धरलेला आपला हातही मागे घेतला नाही.

*

घरच्या इमारतीच्या पायऱ्यांशी तळमजल्यावरची मावशी भाजी निवडत बसली होती. तिनं लांबूनच हाक दिली, “आलं का वादळ? आज कुठं कुठं धडकून आलीस गं?”

बायको सवयीनं हसायला गेली. मिस्त्री थांबला.

“तिचा डावा डोळा गेलाय, मावशी,” तो म्हणाला. “कधीचा गेलाय. मला दिसलं नाही आणि मी नाव ठेवून मोकळा झालो. आता ते नाव नको.”

मावशीच्या हातातली जुडी तशीच राहिली. “अगं बाई,” एवढंच ती म्हणाली, आणि उठून बायकोच्या गालाला हात लावायला आली, नेमकी डाव्या बाजूनं. बायको दचकली. मावशी त्याहून दचकली.

लेक आईला घेऊन वर गेली. मिस्त्री मागे राहिला. ह्याच इमारतीत पुतळ्याचा किस्सा त्यानं मजल्यामजल्यावर करून दाखवला होता. आता तो पायऱ्या चढत मजल्यामजल्यावर गेला, दार वाजवलं आणि उभ्याउभ्याच तेवढंच सांगितलं. कुणी आत बोलावलं तरी बसला नाही. एका दारात कुणी म्हणालं, तुम्हाला तरी काय कल्पना. तो म्हणाला, “रोज समोर होती माझ्या.”

घरी पोचला तेव्हा त्याच्या पायात गोळे आले होते. बायको स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती आणि लेक तिला बाजूला हो म्हणत होती.

“आई, मी करते ना चहा. तू बस.”

“का? मला काय झालंय?” आणि मग मिस्त्रीची चाहूल लागताच, मागे न बघता, “ते कपाटावरचे कप काढा.”

मिस्त्रीनं स्टूल घेतलं. दोन वर्षांची धूळ बसलेली वर्तमानपत्राची पुडकी खाली काढली, एकेक उलगडली, चारही कप विसळून पुसून ओट्यावर ठेवले. तिच्या उजव्या हाताला.  तिनं एक कप उचलून उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि चहा ओतला. तीन कप ट्रेमध्ये मांडले.

“आई, ट्रे दे इकडे,” लेक म्हणाली.

“जाऊन बसा दोघं बाहेर.”

दोघं बाहेर जाऊन बसले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवूनही दोघांच्या नजरा तिथंच होत्या. चौकटीच्या, स्वयंपाकघरातून येताना डावीकडे येणाऱ्या लाकडावर कोपराच्या उंचीला रंग उडालेला एक पट्टा होता. तो आजपर्यंत कुणी बघितला नव्हता.

ती दारापाशी आली आणि थांबली. दोन्ही हात ट्रेला गुंतलेले होते, बोट दाखवणं शक्य नव्हतं. तिनं सावकाश मान डावीकडे वळवली, पुरती, लाकूड दिसेपर्यंत. 

“चौकट,” ती मोठ्यानं म्हणाली.

मग अर्धं पाऊल उजवीकडे सरकून ती दारातून बाहेर आली आणि ट्रे टेबलावर ठेवला. चहा ट्रेमध्येही सांडला नव्हता.

“बघताय काय नुसते? गार होईल,” ती म्हणाली, आणि तिनं सगळ्यांत आधी स्वतःचा कप उचलला.